ओव्हाळ मॅडमचा कॅमेरा

ओव्हाळ मॅडम रेंजवर आल्या की आधी कुणाशी बोलत नसत. रायफलीची पेटी टेबलावर ठेवायची, लाल झेंडा काठीसकट काखेत धरायचा आणि सरळ निशाणाच्या दिशेनं चालू लागायचं. सहाशे मीटर जायचं, सहाशे मीटर यायचं. साठी उलटलेली, उजवा गुडघा दुखरा. उंच गवतात पाय टाकताना त्या किंचित तिरक्या होत. निशाणाखाली जो खोल खड्डा होता त्यात त्या वाकून बघत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग मागं फिरत. परत आल्या की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "खड्ड्यात कुणी नाही. मी बघून आलेय." हे ऐकल्याशिवाय आमच्यातलं कुणीही रायफलीला हात लावत नसे. एखादा नवीन सभासद म्हणे, "मॅडम, कॅमेऱ्यात दिसतंय की." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "कॅमेऱ्याला दिसतं ते मलाही इथून दिसतं. त्याला दिसत नाही ते बघायला गेले होते."

लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या अलीकडे डोंगराच्या पोटाशी एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्यापुढची लांबट सपाटी आमच्या रायफल क्लबनं रीतसर परवानगी घेऊन रेंजसाठी घेतली. टोकाला मातीचा उंच बांध घातला, बांधापुढे निशाणं उभी केली. मी तळेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करते. कॉलेजात असताना रायफल चालवायला शिकले होते, ते वेड मधे बरीच वर्षं झोपलं होतं, ते पुन्हा जागं झालं म्हणून क्लबात गेले. पहिल्याच दिवशी चटईवर पालथी पडलेली एक बाई दिसली. अंगात जाड कॅनव्हासचं जॅकेट, खाली सुती सलवार, केसांचा घट्ट अंबाडा. माझ्या शेजारीच त्यांची जागा होती. माझी गोळी सुटली तशी त्यांनी मान न वळवता विचारलं, "कुठं लागली?"

"मधल्या वर्तुळाच्या आसपास असेल," मी म्हटलं.

"‘असेल’ नको. कुठं लागली ते माहीत आहे की नाही?"

"नाही."

"मग ‘माहीत नाही’ म्हण. चांगला शब्द आहे तो."

निर्मला ओव्हाळ मूळच्या तळेगावजवळच्या इंदुरीच्या. लोणावळ्यातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं. यजमान रेल्वेत होते, खंडाळ्याला. ते गेल्यावर बाई एकट्याच राहत. "घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा लांब बघावं म्हटलं," एवढंच कारण त्यांनी मला नेमबाजीचं सांगितलं होतं. त्यांना बक्षिसं फारशी मिळाली नाहीत. पण आपली गोळी कुठं गेली हे कळल्याशिवाय त्या दुसरी मारत नसत, आणि त्यामुळे त्यांच्या शेजारी पडणारा प्रत्येक जण थोडाफार सुधारत असे.

आता सहाशे मीटरवरच्या कागदातलं छोटंसं भोक इथून दिसत नाही. दुर्बिणीतूनही नाही, ऊन चढलं की हवा थरथरते आणि निशाण पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागतं. म्हणून निशाणाच्या बरोबर खाली खड्डा खणलेला. त्यात आमचे भिकूभाऊ बसत. डोक्यावरून गोळी गेली की ते दोरी ओढून निशाण खाली घेत, भोक बघत, त्यावर कागद चिकटवत, निशाण पुन्हा वर चढवत आणि लांब काठीच्या टोकाला लावलेली तबकडी भोकाच्या जागी धरून आम्हाला दाखवत. क्लब सुरू झाल्यापासून हे काम त्यांचंच. खड्डा पुरुषभर खोल होता, नियमाप्रमाणे होता, आणि तो सुरक्षित आहे याबद्दल आमच्यातल्या कुणाच्याही मनात शंका नव्हती.

एका रविवारी कुणाची तरी गोळी खाली गेली आणि निशाणाच्या लोखंडी चौकटीवर आदळली. खालून तबकडी वर येईना. जरा वेळानं पांढरं फडकं हललं. आम्ही धावत गेलो तर भिकूभाऊ खड्ड्याच्या पायरीवर बसलेले, गालावर हात, बोटांतून रक्त. "काय न्हाई," ते म्हणाले, "कपचा लागलाय. डोळा वाचला." त्यांना दवाखान्यात नेलं, टाके पडले. जेवणानंतर त्यांच्या जागी दुसऱ्या माणसाला खाली पाठवून सराव पुन्हा सुरू करायचं ठरत होतं, तेव्हा मॅडमनी रायफल पुसून पेटीत ठेवली.

"खाली माणूस असताना मी यापुढे गोळी मारणार नाही," त्या म्हणाल्या.

आमचे अध्यक्ष निवृत्त कर्नल होते. सरळ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, जगात सगळीकडे असंच चालतं. चौकट आपण बदलून टाकू. खड्डा सुरक्षित आहे."

"असेल. मी कधी बसले नाही तिथं. तुम्ही बसलायत?"

"नोकरीत असताना, तरुणपणी."

"मग एकदा आत्ताच्या वयात बसून या. मी थांबते."

कुणाला वाटलं कर्नलसाहेब चिडतील. ते चिडले नाहीत. पुढच्या रविवारी ते स्वतः खड्ड्यात उतरले आणि आमच्यातल्या चौघांच्या गोळ्या संपेपर्यंत खाली राहिले. वर आले तेव्हा मिशांवर धूळ होती. पाणी प्यायले. "आवाज डोक्यात बसतो," एवढंच म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "मी हे विसरलो होतो. काय करायचं म्हणता?"

मॅडमनी विचार करून ठेवला होता. निशाणाजवळ बिनतारी कॅमेरा बसवायचा, त्याचं चित्र इकडे गोळी मारणाऱ्याच्या शेजारी टॅबवर बघायचं. खाली कुणीच नको. काही सभासद हसले; खेळाची मजा जाईल असं एक जण म्हणाला. कर्नलसाहेबांनी अट घातली की दिवाळीनंतरच्या स्पर्धेपर्यंत कॅमेरा चोख चालला पाहिजे. बाहेरगावचे नेमबाज येतात, त्यांच्यापुढे फजिती नको. नाही जमलं तर पुन्हा जुनी पद्धत. मॅडमनी तिथंच आपलीही एक अट मान्य करून घेतली. खड्डा रिकामा झाला तरी भिकूभाऊंचं काम जाणार नाही.

पावसाळ्यात आमची रेंज बंद असते. त्या चार महिन्यांत मॅडमच्या घराची प्रयोगशाळा झाली. त्यांच्या गॅलरीसमोर, दरीच्या पलीकडे, एका जुन्या विद्यार्थ्याचा बंगला होता. त्याच्या गच्चीवरच्या शेडमध्ये फळीला कागद लावायचा, कागदापुढे कॅमेरा, कठड्याला अँटेना. दुसरी अँटेना मॅडमच्या गॅलरीत. सुट्टीच्या दिवशी मी छत्री घेऊन त्या गच्चीवर उभी राहायची आणि खिळ्यानं कागदाला भोक पाडायची. फोनवर त्या सांगायच्या, "डावीकडे, खालच्या अंगाला. बरोबर?" बरोबर असायचं. मग एकदा दरीतून धुकं असं उसळून आलं की मला गच्चीचा कठडा दिसेना. मी फोनवर म्हटलं, "मॅडम, आज राहू दे." त्या म्हणाल्या, "एक भोक पाड ना." मी पाडलं. मग त्या अगदी हळू बोलल्या, "मनीषा, मला डोंगर दिसत नाही, बंगला दिसत नाही, तू दिसत नाहीस. पण भोक दिसतंय गं."

रेंजवर मात्र सगळं पुन्हा शिकावं लागलं. मधल्या उंचवट्यामुळे चित्र तुटायचं, म्हणून दोन्हीकडच्या अँटेना बांबूवर चढवल्या. काचेवर दव धरायचं, म्हणून बुटांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या कॅमेऱ्याच्या डब्यात कोंबल्या. कॅमेराच गोळीच्या वाटेत येऊ नये म्हणून तो बाजूला, जाड पत्र्याच्या पेटीत, दगडाच्या आडोशाला ठेवला, तिथून तो निशाणाकडे तिरका वर बघे. माकडांनी एकदा अँटेना मुळासकट उपटली. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. कागदावर भोकांची गर्दी झाली की नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते कळेना. मॅडमनी त्यावर असं केलं की गोळीआधीचं चित्र थांबवून ठेवायचं आणि गोळीनंतरचं त्याच्यावर आलटून पालटून दाखवायचं. जुनी भोकं जागच्या जागी राहतात, नवं तेवढं उघडझाप करतं. शाळेतल्या मुलांना दाखवावं तसं त्यांनी ते आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवलं.

भिकूभाऊ हे सगळं लांबून, हात मागं बांधून बघत. गालावरचा व्रण अजून लाल होता. एक दिवस ते म्हणाले, "बाई, तुमी भलं करायला निगालाय ते कळतंय मला. पन तुमी मला घरी बसिवताय."

"घरी कोण बसवतंय? क्लबनं कबूल केलंय. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, पडद्यापुढं."

"आन करू काय? टीवी बघू?"

"हो. तोच बघायचा."

भिकूभाऊ निघून गेले आणि पुढच्या दोन रविवारी आलेच नाहीत. तेव्हा मॅडम मला घेऊन कुरवंड्याला त्यांच्या घरी गेल्या. भिकूभाऊ ओट्यावर विळ्याला धार लावत होते, त्यांनी वर बघितलं नाही. त्यांच्या बायकोनं, पारूमावशींनी, आम्हाला आत बसवलं, चहा टाकला. मॅडमनी कामाचं काहीच काढलं नाही. मावशीच बोलायला लागल्या.

"हितं बार ऐकू येत्यात बाई. दर आयतवारी. एकेक बार झाला की मी चुलीपासनं उठून दारात येती. काय दिसतंय हितनं? काय न्हाई. पन येती. त्यो कपचा लागला त्या दिवशीबी दारातच व्हते."

ओट्यावरचा धार लावण्याचा आवाज थांबला. "ह्ये तू कदी बोलली न्हाईस मला," भिकूभाऊ बाहेरूनच म्हणाले.

"तुमी कदी इचारलं?"

आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत सोबत आले. "बाई, त्यो टीवी मला शिकवा मग," म्हणाले. पुढच्या रविवारी ते मॅडमच्या शेजारी बसले. पहिल्या दिवशी त्यांचं बोट पडद्यावर इतकं जोरात दाबलं जाई की चित्र उडून जायचं. मॅडम दर वेळी ते परत आणून द्यायच्या, न कंटाळता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी थंडी होती, आकाश स्वच्छ. बाहेरगावचे संघ आले होते. भिकूभाऊ नवा स्वेटर घालून पडद्यापुढं बसले होते आणि आपल्या ठसक्यात निकाल सांगत होते, "उजवीकडं, वर, दुसरं गोल." पाहुण्यांना गंमत वाटत होती. शेवटच्या फेरीत, दोन संघ जवळजवळ बरोबरीत असताना, पडदा काळा झाला.

मॅडमनी हात वर केला. रायफली रिकाम्या झाल्या, खाली ठेवल्या गेल्या. भिकूभाऊंनी इकडची वायर बघितली, बॅटरी बघितली. सगळं ठीक होतं, बिघाड निशाणाकडे होता. पाहुण्या संघाचे व्यवस्थापक घड्याळ बघत म्हणाले, "मोजक्याच गोळ्या उरल्यात. मारून घेऊ. मग निशाण उतरवून बघू कुठं लागल्यात त्या." सूचना तशी बरोबर होती. कर्नलसाहेबांनी मॅडमकडे बघितलं.

"चित्र नाही तर गोळी नाही, असं आपण ठरवलंय," मॅडम म्हणाल्या. "मी जाऊन बघून येते."

"एवढं चालत? अहो, वेळ किती जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी झेंडा उचलला. मी आणि भिकूभाऊ बरोबर निघालो. जवळ पोचलो तेव्हा बांबूवरची अँटेना तिरपी होऊन लोंबताना दिसली, पुन्हा माकडांचं काम. भिकूभाऊ बांबूकडे वळले. मॅडम खड्ड्याच्या काठाशी गेल्या, आणि तिथंच थांबल्या.

खड्ड्यात एक म्हातारी बसली होती. शेजारी सरपणाची मोळी. ती एका हातानं भिंतीचा आधार घेऊन उठायच्या बेतात होती.

"आजी, कधीपासून बसलाय इथं?" मॅडमनी विचारलं.

"मघाधरनं. सावली गावली म्हून टेकले, तर वरनं कायबाय फुटाया लागलं. तशीच निजून ऱ्हायले. आता थांबलं म्हून निगत व्हते."

मागच्या जंगलातून येणारी एक पायवाट बांधाला वळसा घालून त्या खड्ड्याशी उतरते. इतकी वर्षं त्या वाटेनं कुणी आलं की खड्ड्यातले भिकूभाऊच त्याला हाकलत. ते कुणी त्यांना सांगितलेलं काम नव्हतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. आम्ही माणूस वर आणला, आणि ती वाट उघडी राहिली. उरलेल्या गोळ्या आम्ही तशाच मारल्या असत्या, तर म्हातारी नेमकी तेव्हा खड्ड्याबाहेर पडत असती.

मॅडम काठावर खाली बसल्या. मग उठून म्हातारीला वर घेतलं, पाणी दिलं, आणि मोळी डोक्यावर चढवून तिला वाटेपर्यंत पोचवून आल्या. तोवर भिकूभाऊंनी अँटेना सरळ केली होती. चित्र आलं असणार. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

परत आल्यावर मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "खड्ड्यात एक बाई होती. खड्डा रिकामा मी केला आणि मागची वाट कोण बघणार हे मी विचारलं नाही. आज यापुढे गोळी सुटणार नाही." कर्नलसाहेबांनी स्पर्धा तिथंच थांबवली. पाहुण्यांनी कुरकुर केली, पण फार नाही. व्यवस्थापकांचा चेहरा पांढरा पडला होता.

गाडीतून येताना लोणावळ्याच्या बाजारापाशी मॅडम म्हणाल्या, "तिचं नाव विचारायचं राहिलं." दोन दिवसांनी त्यांनी ते शोधून काढलं. साळूबाई. तिच्या घरी जाऊन त्या बसून आल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

क्लबाच्या बैठकीत आता पारडं फिरलं. एक जण म्हणाला, "बघा, जुनं तेच बरं होतं. भिकूला खाली बसवा, वाटही राखली जाईल." बऱ्याच माना डोलल्या. मला वाटलं, मॅडम आता माघार घेतील. ते दोन दिवस त्या नीट जेवल्या नव्हत्या हे मला ठाऊक होतं. त्या उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे, ती मी सांगितली. ती निस्तरायला भिकूभाऊंना खाली बसवणार नाही. मागच्या वाटेला कुंपण घालू. खड्ड्यात बघणारा दुसरा कॅमेरा लावू. आणि दर वेळी सुरुवातीला मी स्वतः जाऊन बघेन."

"दर वेळी? मॅडम, तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे."

तेव्हापासून ते चालणं सुरू झालं. कुंपणाचे खांब रोवायला भिकूभाऊंच्या जोडीला कर्नलसाहेबही होते. दुसरा कॅमेरा लागला, वाटेच्या तोंडाशी झेंडा लागला. पुढच्या वर्षीची स्पर्धा पार पडली, एकही फेरी न थांबता. पाहुण्या संघाचे तेच व्यवस्थापक जाताना भिकूभाऊंच्या शेजारी बसून, कॅमेरा कसा बसवला, अँटेना किती उंच लावली, ते सगळं समजून घेऊन गेले. भिकूभाऊंनी त्यांना माकडांबद्दलही सांगितलं.

मॅडम पडल्या त्या रेंजवर नाही, घरातल्या ओल्या गॅलरीत. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण मग छातीत कफ भरला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. भाची येऊन राहिली. आम्ही भेटायला जायचो तेव्हा त्या रेंजवरच्याच गोष्टी विचारत. कुणी कशी मारली हे सांगताना माझ्या तोंडून चुकून "असेल" आला की पूर्वीसारखंच डोळे वटारत. एकदा भिकूभाऊ बरोबर होते. बराच वेळ ते पलंगाशेजारच्या मोबाईलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आपलं ह्ये चित्र बाईंना हितं दिसंल का?"

दिसायला काहीच हरकत नव्हती. आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, एवढंच. त्या रविवारी भाचीनं मॅडमना उशांच्या आधारानं बसवलं, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. मी चटईवर पडले, कानात फोनची वायर, पलीकडे मॅडम. त्यांचा श्वास ऐकू येत होता, खरखरीत आणि तुटक. मी पहिली गोळी मारली. चित्रात भोक उमटलं आणि उघडझाप करायला लागलं.

"डावीकडे गेली," त्या म्हणाल्या. "वारा आहे का?"

"थोडा आहे, मॅडम."

"थोडा म्हणजे?"

मी गवताकडे बघितलं आणि नीट सांगितलं. दुसरी गोळी आत सरकली, तिसरी आणखी आत. त्या प्रत्येक वेळी जागा सांगत होत्या, दोन शब्दांत, आणि मधे दम घेत होत्या. मी म्हटलं, "थकला असाल तर थांबू या." त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"भिकूभाऊ कुठायत?" त्यांनी विचारलं.

"इथंच. माझ्या शेजारी बसून चहा पितायत."

"त्यांना दे."

मी वायर काढून भिकूभाऊंच्या कानाशी धरली. ते नुसतेच "व्हय बाई, व्हय" म्हणत राहिले, आणि मग डोळे पुसत फोन माझ्याकडे परत दिला. ती आमची त्यांच्याशी झालेली शेवटची बातचीत ठरली. त्या आठवड्यातच मॅडम गेल्या. त्या रविवारी फोन परत माझ्या कानाशी आला तेव्हा पलीकडे नुसता श्वास होता. मी रायफलीला हात लावला नव्हता. मग त्यांचा वर्गातला आवाज आला, बारीक झालेला, पण तोच.

"मनीषा, वाट कसली बघतेस? मार पुढची."